मानाचं पितळ

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच साली तिकडे प्रशियात हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोन वादकांनी पितळी वाद्याला बसवायच्या झडपेचं पेटंट मिळवलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी पुढच्या शंभर वर्षांत कोकणातल्या वरातींपुढे जे वाजू लागलं, त्याला या दोन्ही लागल्या. पेशवाई गेली तसे नगारखान्यांचे आश्रयदाते गेले आणि पलटणींचे बँड आले. झडप आली म्हणून त्या बँडातल्या पितळेला नुसती ललकारी न देता गाणं म्हणता येऊ लागलं. आज कणकवलीसारख्या गावात कुणाच्या माळ्यावर जुनं कॉर्नेट किंवा युफोनियम निघालं, तर साहेब मागे टाकून गेलेली वस्तू म्हणूनच त्याकडे पाहिलं जातं. हौशी संग्राहकही ती तशीच विकत घेतो. हे पाहणं अपुरं आहे असं मला वाटतं. वाद्य परदेशातून आलं हे खरं, पण ते ज्या जागी येऊन बसलं ती जागा इथं आधीपासून होती, आणि ती जागा होती मान पुकारण्याची. त्या जागेबरोबर तिचा जुना दोषही त्याच्या वाट्याला आला: मान ज्याच्यासाठी फुंकायचा त्याचा, फुंकणाऱ्याचा नव्हे.

ही जागा किती जुनी होती हे पाहायला अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तली नगारखान्याची यादी पुरेशी आहे. तिच्यात नगारे, सनया, झांजा आहेतच. शिवाय सोन्याचांदीचे, पितळेचे कर्णे आहेत आणि ते चारांपेक्षा कमी कधी फुंकत नाहीत अशी नोंद आहे. गाईच्या शिंगाच्या आकाराचं पितळी शिंगही त्यात आहे, ते जोडीनं फुंकायचं. चार आणि दोन या आकड्यांमागे संगीताचा हिशेब दिसत नाही. शिंगातून मोजके स्वर निघतात; दोन शिंगांनी त्यांत भर पडत नाही, दोन माणसं उभी केल्याचं मात्र दिसतं. नगारा, कर्णा, निशाण ही मोगलाईत बहाल करायची चिन्हं होती. मराठ्यांनी ती रीत उचलली, आणि रायगडावर राजसदरेच्या समोरच नगारखाना आहे. पुढे वसईच्या मोहिमेनंतर, १७३९ साली, पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठे घेऊन गेले आणि त्या नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीत टांगल्या गेल्या. घंटा फोडून तिच्या धातूची तोफ ओतता आली असती. ती आवाजासकट ठेवली, कारण जिंकलेल्याचा आवाज आपल्या देवापुढे वाजणं हाच मान होता.

दरबार लांब राहिले. सिंधुदुर्गाच्या गावांत हा हिशेब गावराहाटीत उतरलेला आहे. देवळाच्या वर्षभराच्या कार्यात कुणी कुठं उभं राहायचं, तरंग कुणी घ्यायचे, गाऱ्हाणं कुणी घालायचं, पहिला नारळ कुणाचा, हे बारा-पाचाच्या मानकऱ्यांत ठरलेलं असतं, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चाललेली गावं या जिल्ह्यात कमी नाहीत. वाजवण्याचं कामही असंच वाटलेलं. सनई-चौघडा घडशांकडे, देवळातली नित्याची वाद्यं गुरवाकडे, ढोल आणखी कुणाकडे. पालखी निघाली की शिंग पुढे. या शिंगाची रचना पाहण्यासारखी आहे. पत्रा ठोकून, वळवून, डाख देऊन केलेले दोनतीन तुकडे एकात एक बसवायचे, सांध्यांवर जाड कडी घालायची, आणि वळणाच्या दिशेवर ते इंग्रजी सी अक्षरासारखं होणार की एससारखं हे ठरणार. भोक कुठं नाही, झडप कुठं नाही. ओठ जेवढे आवळाल तेवढा स्वर चढतो, आणि चढतो तोही पायऱ्या गाळत: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, मग गंधार, पुन्हा पंचम. रिषभ-मध्यम हवे असतील तर आणखी वर जावं लागतं, आणि तिथवर जायची गरज कुणाला पडत नाही. पालखी उठली, पालखी वळली, देव देवळात शिरला, एवढं सांगायला खालचे चार स्वर भरपूर झाले.

आणखी एक गोष्ट संग्राहकानं नीट लक्षात घ्यावी. असं शिंग फुटलं, की ते तांबटाकडे जातं. तो फुटका तुकडा काढून नवा पत्रा बसवतो, फारच झिजलं असेल तर जुनं पितळ मोडीत घेऊन नवंच करून देतो. गावाच्या दृष्टीनं ते तेच शिंग. जुनेपण धातूत नाही, ते फुंकण्याच्या हक्कात आहे. त्यामुळे शंभर वर्षांचा पत्रा शोधत देवळं हिंडणाऱ्याला निराशाच येते, आणि एखाद्या गावानं खरोखर जुनं शिंग विकायला काढलंच, तर तिथला मान मोडल्याची ती खूण समजावी.

या रचनेत पलटणीचं पितळ आलं ते दोन वाटांनी. एक वाट लष्कराची. १८१२ च्या तहांनी मालवण आणि वेंगुर्ला इंग्रजांकडे गेले, आणि त्यानंतर तळकोकणातली माणसं मुंबई फौजेत मोठ्या संख्येनं भरती झाली, मराठे आणि महार दोन्ही. बलुचिस्तानात काहानचा किल्ला १८४० साली चिवटपणे लढवणाऱ्या मुंबईच्या पाचव्या देशी पलटणीला बक्षीस म्हणून ‘लाइट इन्फन्ट्री’ ही पदवी मिळाली. लाइट इन्फन्ट्री म्हणजे ढोलाऐवजी बिगुलाच्या इशाऱ्यावर चालणारी पायदळ पलटण. १९२२ साली अशा पलटणी एकत्र करून बेळगावच्या केंद्राभोवती मराठा लाइट इन्फन्ट्री बांधली गेली, आणि तिच्या बिल्ल्यावर ढाल-तलवारींबरोबर बिगुल आहे. म्हणजे इंग्रजांच्या शिस्तीतही फुंकायचं वाद्य हे नुसतं साधन न राहता मानचिन्ह झालं. आंबोलीचा घाट उतरून सुट्टीवर येणाऱ्या शिपायाला ही भाषा शिकवावी लागली नसेल. संस्थानांचं तर बोलायलाच नको. बडोद्याला २१ तोफा, कोल्हापूरला १९, सावंतवाडीला ९ अशी सलामीची उतरंड ठरवून दिलेली असताना, तोफा आपल्या हातात नाहीत तर निदान बँड तरी चांगला ठेवू, असं संस्थानिकांना वाटलं तर नवल नाही. सयाजीरावांनी बडोद्यात बँड सांभाळायला युरोपियन बँडमास्तर ठेवला होता.

दुसरी वाट गोव्याची, आणि संगीताच्या दृष्टीनं तीच मोठी. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात चर्चला जोडून पॅरिश शाळा निघाल्या. अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि त्यांच्या जोडीला सोल्फा म्हणजे स्वरलिपी वाचून गायला-वाजवायला शिकणं, असा तिथला अभ्यास. मेस्त्रे छडी घेऊन बसायचा आणि पोरं आधी स्वर म्हणायची, मग व्हायोलिन, मग ज्याला जमेल त्याला कर्णा. पोर्तुगिजांनी हे प्रार्थनेसाठी उभारलं. उपयोग झाला तो पोटासाठी. लिहिलेलं संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारी माणसं इंग्रजांच्या हिंदुस्थानात हवीच होती, आणि ती गोव्यात तयार मिळत. पलटणी, पोलीस बँड, संस्थानं, बोटी, क्लब, मूकपटांची थिएटरं, सगळीकडे गोवेकर पोचले. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे गोवेकरांचं कोंकणी नाटक, झाला. त्या परंपरेत रंगमंचापुढे कर्णे घेऊन बसणारा बँड आजही असतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून पाहिलं तर गोवा हा शेजारचा गाव. फेस्ताच्या मिरवणुकीपुढे चालणारा बँड इकडच्यांनी पाहिला तेव्हा त्यांना त्यात पालखीपुढचं शिंग दिसलं असणार. देव वेगळा, चाल तीच.

आता झडपेकडे येऊ, कारण तिच्याशिवाय पुढचं घडलं नसतं. कॉर्नेटला तीन पिस्टन असतात. मधला दाबला की हवेला थोडा वळसा पडतो आणि स्वर अर्ध्यानं उतरतो. पहिला दाबला की एका पूर्ण स्वरानं. तिसरा दाबला की दीड स्वरानं. शिंगानं गाळलेल्या पायऱ्या या तिघांच्या बेरजेनं भरून निघतात. बस, एवढीच करामत. पण त्यामुळे नाट्यपद वाजवता आलं, अभंग वाजवता आला, पुढे सिनेमाचं गाणं वाजवता आलं. मराठी बँडाची मांडणी पाहिली तर जुन्या वाजंत्रीचा सांगाडा स्पष्ट दिसतो. सुरावट क्लॅरोनेटकडे, म्हणजे सनईच्या जागी. ताशाच्या जागी साइड ड्रम. शिंग-कर्ण्यांच्या जागी कॉर्नेट, ट्रंपेट, युफोनियम, आणि ती शक्यतो चार-सहा एका ओळीत. लग्नाच्या बोलणीत ‘बँड किती माणसांचा?’ हा प्रश्न पहिला, काय वाजवणार हा नंतरचा. अबुल फजलचे चार कर्णे इथं पुन्हा भेटतात.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो हलका नाही. बँड म्हणजे साहेबाची नक्कल. लाल कोट, सोनेरी फिती, खांद्यावरचे झुबके पाहा, यात देशी परंपरा कुठली शोधता? नक्कल होती यात शंका नाही. पण नक्कल केली म्हणजे जुनं टाकून नवं घेतलं, असं व्हायला हवं होतं. इथं तसं झालं नाही. शिंग देवळात राहिलं, सनई मांडवात राहिली, बँड रस्त्यावर आला. जिथं हक्क वंशपरंपरेनं ठरलेले होते तिथं बँडाला शिरकाव मिळाला नाही; जिथं पैसे मोजून मान विकत घेता येत होता तिथंच तो गेला. ज्या घराला देवळात मान नाही, त्या घरालाही पैसे खर्च करून मुलाच्या वरातीपुढे चार कर्णे लावता येऊ लागले. नकलेनं हे स्पष्ट होत नाही. मानाची मागणी आधीच होती आणि पुरवठा मूठभर घरांत अडकलेला होता, असं धरलं तरच होतं. मीरतच्या जली कोठी भागातला वाद्यांचा धंदाही याच मागणीवर वाढला. नादिर अली आणि कंपनी तिथं १८८५ साली सुरू झाली, एका फौजी बँडवाल्याच्या पुढाकारानं. लंडनच्या बूझी, हॉक्स, बेसन यांचा माल ज्यांना परवडत नव्हता त्यांना मीरतनं कर्णे पुरवले. आज बाजारात ‘जुनं इंग्रजी’ म्हणून दाखवली जाणारी कितीतरी वाद्यं मुळात मीरतची असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मात्र लाल कोटाचा विचार इथं संपत नाही. तो कोट कुणी घातला? ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकानं भारतभरच्या बँडवाल्यांवर २००५ साली ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं. त्यातून आणि महाराष्ट्रातल्या अनुभवातूनही दिसतं ते असं, की बँडात आलेली माणसं बहुतेक त्या जातींतली आणि गरीब मुसलमान घरांतली होती, ज्यांच्याकडे वाजवण्याचं काम आधीपासून होतं किंवा दुसरं प्रतिष्ठेचं काम मिळत नव्हतं. देशावर मातंग, होलार. इतरत्र आणखी कुणी. ज्याच्या फुंकरीनं नवरदेवाचा मान होतो त्याला पंगतीत मात्र शेवटी आणि वेगळं वाढायचं, हे मराठी माणसाला ठाऊक नाही असं नाही. या अंगानं पाहिलं तर कोट हे नुसतं सोंग उरत नाही. गणवेश घातला की त्या चार तासांपुरती जात दिसत नाही, पलटण दिसते. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहानंतर ठिकठिकाणच्या महारांनी गावकीची हीन मानली गेलेली कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं सोडलं तसं कित्येक गावांत मिरवणुकीपुढचं वाजवणंही सोडलं. वाजवणं आणि जनावर ओढणं एकाच यादीत असावं, हे इथल्या वाद्यसंस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावं. कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला तो नेमक्या याच गाठीवर बोट ठेवून. त्याआधी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला होता. काम हीन नसतं, ते ठरावीक लोकांवर लादल्यानं हीन होतं, हा त्यांचा मुद्दा. मेलेल्या गुराच्या कातड्याला तो त्यांनी लावला. त्याच कातड्याच्या ढोलाला आणि ढोलाशेजारच्या कर्ण्याला तो तितकाच लागू आहे.

मानाच्या या सूत्राला एक मोठा अपवाद आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओत मान नव्हता, मिरवणूक नव्हती, तरी पितळ तिथं सर्वांत सुंदर वाजलं. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रंपेट वाजवायचा. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरलं आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही आला. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, मडगावचा ख्रिस पेरी ही याच फळीतली माणसं. इथं संगीतासाठी संगीत होतं, हे कबूल. पण याच स्टुडिओतल्या शेकडो वादकांची नावं पाट्यांवर कधी आली नाहीत, आणि ती गोळा करायला पुढच्या पिढीतल्या लेखकांना म्हाताऱ्या वादकांच्या दारोदार जावं लागलं. मिरवणूक गेली तरी फुंकणारा निनावीच राहिला, एवढ्यापुरता अपवादही सूत्राच्या जवळ येतो.

कुणी विचारेल, मान एवढा महत्त्वाचा होता तर बेंजो आणि डीजेपुढे बँड हरला कसा? कोकणात गेल्या तीसेक वर्षांत वरात, गणपती, शिमगा सगळीकडे बेंजो शिरला, हे दिसतंच आहे. माझ्या मते तो मानाच्याच हिशेबानं हरला. बँडाचा मान फुंकणाऱ्या तोंडांच्या संख्येवर होता. स्पीकर आल्यावर तोंडं मोजायची गरज उरली नाही. आता किती बेस लावले ते मोजतात. आकडा मोजायची खोड तशीच आहे.

आता संग्राहकाकडे. समुद्रकाठच्या आणि तीन हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसाच्या मुलखात पितळ सांभाळणं हे वेगळंच शास्त्र आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला पावसाळ्यात एक कोडं पडे: तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं आपोआप चिरत. १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. ठोकून-ओढून आकार दिलेल्या पितळेत ताण राहिलेला असतो. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि हवेतली ओल यांनी त्या ताणाच्या रेषेवर तडा जातो. कर्ण्याचं तोंडही असंच ठोकून घडवलेलं असतं. तेव्हा जुनं कॉर्नेट गोठ्यालगतच्या पडवीत टांगू नये; काजळी आणि जाळ्यांपेक्षा गाईम्हशी त्याला जास्त घातक. दुसरा शत्रू आतून येतो. श्वासातल्या ओलीनं पितळेतलं जस्त निघून जातं, नळीवर गुलाबी डाग उमटतात, आणि डाग बाहेरून दिसेपर्यंत आतली भिंत पोकळ झालेली असते. तिसरा शत्रू घरचाच: चिंच लावून, राख लावून चकाचक घासणारा हात. दहा दिवाळ्या अशी घासपूस झाली की कारखान्याचा कोरीव शिक्का पुसला जातो, आणि शिक्क्याशिवाय वाद्याचं वय सांगणं अवघड. मुरादाबादहून शोभेसाठी आलेल्या बिगुलांवर मात्र शिक्के फार ठळक असतात.

अशी वाद्यं फुंकावीत की काचेत ठेवावीत, हा वाद जगभर आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारखी जागा ती जपून ठेवते ते योग्यच. एकुलती एक वस्तू ओल्या श्वासाच्या हवाली करणं शहाणपणाचं नाही. पण बूझी किंवा हॉक्सचं कॉर्नेट हा कारखान्याचा माल आहे, तसे हजारो निघाले. ते फुंकल्याखेरीज त्याच्याबद्दलची एक मुख्य गोष्ट कळतच नाही. इंग्लंडातले बँड जुन्या चढ्या पट्टीत वाजवत, जिच्यात धैवताची कंपनं सेकंदाला ४५२ च्या आसपास होती. आजची पट्टी ४४० ची. फौजांनी पट्टी उतरवली ती विसाव्या शतकात, आणि तिथल्या हौशी बँडांनी तर साठच्या दशकापर्यंत सोडली नाही. त्यामुळे जुनं कॉर्नेट मोकळं फुंकलं तर स्वर काळी पाचवर न बसता काळी पाच आणि पांढरी सातच्या जवळजवळ मध्यावर लटकतो. पेटीबरोबर वाजवायचं तर साडेचार फुटांची नळी दीडेक इंचानं लांबवावी लागते, आणि मग तिन्ही झडपांच्या वळशांनाही त्याच प्रमाणात ओढावं लागतं, नाहीतर दाबलेला प्रत्येक स्वर बेसूर. काही बँडवाल्यांनी ही कटकट मिटवायला नळी कापून मधे तुकडा डाखवून घेतलेला असतो. संग्राहक अशा जोडकामाला खोट म्हणतो आणि किंमत पाडतो. खरं तर त्या वाद्यावर इथल्या वादकाचं नाव कुठंच नसताना त्याच्या हाताची तेवढीच एक निशाणी असते, आणि ती पाहून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा की हे कोण वाजवत होतं, कुठल्या गावच्या बँडात, आणि डाख कुणी दिला.